बत्तीस पूर्णांक चार

उन्हाच्या लाटेचा नववा दिवस होता. कॅज्युअल्टीच्या दारातलं डांबर मऊ पडलं होतं आणि ट्रॉलीची चाकं आत येताना फरशीवर काळे पट्टे ओढत होती. सफाईच्या मावशी ते पुसून पुसून मेटाकुटीला आल्या होत्या. "सिस्टर, उद्यापासून माणसं खांद्यावर घालून आणा म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरते सगळे हसले.

तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. वय एकोणपन्नास, त्यातली सव्वीस वर्षं याच खोलीत गेलेली. दारातून आलेल्या माणसाकडे तिने अर्धं मिनिट पाहिलं की ठरून जाई, हा आत्ता, तो दहा मिनिटांनी, आणि ती जी सगळ्यांत मोठ्याने ओरडतेय ती शेवटी. ओरडायला दम लागतो, आणि दम आहे म्हणजे वेळ आहे. नव्या नर्सेसना ती एवढंच शिकवी, गप्प बसलेल्याकडे आधी बघा.

त्या दिवसांत काम एकाच प्रकारचं होतं. ऊन लागलेली माणसं. बेचाळीस अंशांपर्यंत चढलेलं अंग, कोरडी कातडी, असंबद्ध बडबड, मग आकडी. कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारायचं, पंखा लावायचा, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. इस्पितळाचं बर्फाचं यंत्र चौथ्याच दिवशी बंद पडलं होतं, तेव्हापासून रोज बाराच्या सुमाराला कारखान्याचा टेम्पो येऊन बर्फाच्या लाद्या टाकून जाई. मामा त्या हातोडीने फोडत. मामा म्हणजे स्ट्रेचर ढकलणारे. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, आणि रोज सकाळी ते किती दिवस उरले ते कोणी न विचारता सांगत.

त्या दुपारी अडीचला रस्त्याच्या कामावरचा एक माणूस आला. गवताची टोपी घातलेला, दोघा सोबत्यांनी बगलेत धरलेला.

"पाणी प्यायला झाडाखाली टेकला," त्यातला एक धापा टाकत म्हणाला. "मी बाटली भरून आलो तर हा असा."

तिने सवयीने कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. कपाळ थंडगार होतं. घाम आलेल्याचं असतं तसं नव्हे. थंडीत रात्रभर बाहेर राहिलेल्या लोखंडी फाटकासारखं. टोपी काढली तेव्हा केस कडकडले. भुवयांवर पांढरी भुकटी होती. हाताची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि टणक झाली होती.

नेहमीच्या थर्मामीटरवर आकडाच येईना. मामांनी ऑपरेशन थिएटरमधलं धावत जाऊन आणलं. चोवीस पूर्णांक एक. अंग सदतीस असायला हवं. अठ्ठावीसच्या खाली माणूस शुद्धीवर नसतो, हे तिला पाठ होतं. हा मात्र डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होता.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता, दात वाजत नव्हते. "रांगेत होतो. नंबर जवळ आला होता, तुम्ही ओढलंत."

"कसली रांग?"

त्याचं लक्ष नव्हतं. "माझ्या मागे एक मास्तर आहेत. चष्म्याची एक काच तडकलेली. त्यांना सांगा, माझी जागा धरून ठेवा."

डॉक्टर तरुण होते, पण हाताला घाई नव्हती. अशा माणसाला हिसका बसला तरी हृदय दगा देतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना हळू हलवायला सांगितलं. कोमट सलाइन, कोमट ऑक्सिजन, छाती-पोटावर गरम पांघरुणं. अठ्ठावीस. तीस. तिसाच्या पुढे तो कण्हायला लागला. एकतीसला रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, तोंड वासून. "नको हो," तो म्हणत होता. "भाजतंय."

बत्तीस पूर्णांक चारला मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली. त्यांनी शॉक दिले, आळीपाळीने छाती दाबली. रुग्ण थंड असला तर लवकर हात टेकायचे नसतात, म्हणून सव्वा तास दाबली. मग डॉक्टर बाजूला झाले.

"हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे परत येतं," ते म्हणाले. "होतं असं. कुठल्या तरी शीतगृहात जाऊन झोपला असणार."

सगळ्यांत जवळचं शीतगृह दीड तासावर होतं. त्याचे सोबती तर शपथेवर सांगत होते, तो झाडाखालून हललाच नव्हता. पण डॉक्टर दमलेले होते आणि बाहेर उन्हाने पडलेले चारजण वाट पाहत होते. तिने केसपेपर पुरा केला. भुवयांवरच्या पांढऱ्या भुकटीचं काय लिहावं ते तिला सुचलं नाही, तेव्हा तिने ते लिहिलं नाही.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती अठराची. त्याच्या डब्यापासून त्याच्या परीक्षांपर्यंत सगळं तिनेच निभावलं. आता तो अडतीसचा, विजेचे मीटर वाचत घरोघर फिरणारा, खांद्याला कातडी पिशवी आणि कानामागे पेन्सिल. लग्नाचं नाव काढलं की म्हणे, "तुझा मार खायला मी एकटा पुरेसा आहे, ताई."

त्या संध्याकाळी तिने त्याला गवताच्या टोपीवाल्याबद्दल सांगितलं. एरवी ती कामावरचं घरी आणत नसे.

"एवढ्या उन्हात गारठून?" तो म्हणाला. "कुठे मिळतं ते? पत्ता दे ना."

"गप रे," ती म्हणाली. पण हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शाळेतले मास्तर आले. सुट्टीतलं काहीतरी काम करायला शाळेत गेले होते आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकले होते. त्यांची बायको डबा घेऊन गेली, तर ते असे. बूट काढले तेव्हा त्यांतून पाणी ओघळलं आणि पाण्यात बर्फाचे बारीक कपटे तरंगत होते.

"जपून ठेवू का, सिस्टर?" मामा म्हणाले. "आपल्याकडे तुटवडा आहे." कोणीच हसलं नाही. मामाही.

मास्तरांच्या चष्म्याची डावी काच तडकलेली होती.

चष्मे घालणारे मास्तर गल्लोगल्ली असतात, आणि काचा तडकतातच, असं तिने स्वतःला बजावलं. तापमान घेतलं. चोवीस पूर्णांक एक. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळातल्या कोणाला तरी फोन लावला आणि ठरलं की या वेळी घाई करायची नाही. तासाला अर्धा अंश, त्याहून जास्त नाही.

मास्तर शांत होते. पांघरुणाखाली हात नीट घडी घालून पडले होते. "शिस्त फार चांगली आहे तिथे," ते म्हणाले. "कोणी पुढे घुसत नाही."

बायको मान फिरवून रडायला लागली. सिस्टरने तिला बाहेर बसवलं आणि परत आली. जे विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तेच तिने विचारलं.

"तुमच्या मागे कोण आहे, मास्तर?"

"इस्त्रीवाली बाई. डाव्या मनगटावर चटक्याचा डाग आहे. तिकोनी." त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "तुम्ही मला परत आणणार का?"

"प्रयत्न करतोय."

"नका करू," मास्तर म्हणाले. वर्गात एखाद्याला बस म्हणावं, इतकं साधं.

ती आठ वाजता घरी गेली, तेव्हा ते सत्तावीसवर होते. सकाळी सहाला आली तेव्हा डॉक्टर छाती दाबत होते आणि रात्रीची नर्स भिंतीला पाठ लावून उभी होती. "शेवटचा तासभर नुसते ओरडत होते," ती नर्स म्हणाली. "सगळं बरोबर केलं हो आम्ही." मॉनिटरच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा थांबलेला होता. बत्तीस पूर्णांक चार.

त्या दिवशी, म्हणजे अकराव्या दिवशी, बर्फाचा टेम्पो आला नाही. कारखान्याची वीज गेली होती. आदल्या दिवशीच्या फक्त सहा पिशव्या उरल्या होत्या. साडेबाराला इमारतीच्या कामावरची एक बाई आली, विटा वाहणारी, बेशुद्ध, पायात एकच चप्पल. एक्केचाळीस पूर्णांक आठ. तिच्याबरोबर तिची विशीतली लेक होती. सहाच्या सहा पिशव्या त्या बाईला लावल्या आणि पंखा तिच्याकडे वळवला.

एकच्या सुमाराला इस्त्रीवाली आली.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सिस्टरने रुग्णाचा श्वास तपासायच्या आधी मनगट पाहिलं. डाग तिथेच होता. तिकोनी, जुना, कडेला पांढरा पडलेला.

"या वेळी इथे काही करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. रात्रभर जागून त्यांचा आवाज बसला होता. "मोठ्या इस्पितळात रक्त बाहेर काढून गरम करायचं यंत्र आहे. मी स्वतः घेऊन जातो." दुसरे डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये अडकलेले होते. "दोन-अडीच तासांत येतो. तोवर तुम्ही आहातच."

ट्रॉली रुग्णवाहिकेत चढवताना इस्त्रीवाली तिच्याकडे बघून हसली. ओठ निळे होते, हसणं मात्र ओळखीचं असल्यासारखं.

"तुम्हीच होय त्या ताई!" ती म्हणाली. "माझ्या मागे तो उंच माणूस आहे ना, कानामागे पेन्सिल लावलेला. हसवून हसवून मारतो. म्हणतो, माझी बहीण इस्पितळात आहे, तिच्या ओळखीने नंबर लवकर लावून घेतो. मी म्हटलं, बाबा, ओळख असली तरी रांग ती रांग."

रुग्णवाहिकेचं दार लागलं.

सिस्टरने फोन लावला. तीनदा वाजला. चौथ्यांदा त्याने उचलला.

"काय ग? कामावर आहे मी."

"कुठे आहेस?"

"उन्हात. अजून कुठे असणार?" मागे कुत्रं भुंकत होतं, कोणीतरी त्याला हाकलत होतं.

"बसू नकोस कुठे. ऐकतोयस का? सावलीत थांबू नकोस, टेकू नकोस. आहेस तसा इकडे निघून ये."

"ताई, सावलीत थांबू नको म्हणणारी तू जगातली पहिलीच नर्स असशील."

"ये म्हणते ना."

तिचा आवाज ऐकून तो निघाला. पंचवीस मिनिटांत आला. घामाने निथळलेला, गालफडं लाल, चांगला जिवंत. तिने तोंडात थर्मामीटर खुपसलं. सदतीस पूर्णांक दोन. तिने ते दोनदा घेतलं.

"आता सांगशील का, काय झालं ते?" तो म्हणाला.

"नंतर. इथे बस. माझ्या डोळ्यांसमोर." तिने आपल्या टेबलाजवळची खुर्ची ओढली. मग आपण त्याला बसायला लावतोय याचीच तिला भीती वाटली आणि तिने त्याला उठवून उभं केलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, पिशवी खांद्यावरून न काढता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईची लेक डोळे विस्फारून या दोघांकडे पाहत होती.

फोन वाजला. डॉक्टर होते.

"गेली," ते म्हणाले. "वाटेतच. परत आणतोय तिला. मी काहीच दिलं नव्हतं, सिस्टर, पांघरूणसुद्धा काढून ठेवलं होतं. चाळीस मिनिटांत आठ अंश चढले. असं होत नाही. असं कुठेच होत नाही." त्यांच्या मागे सायरन नव्हता. "बत्तीस पूर्णांक—"

"कळलं," ती म्हणाली.

तेवढ्यात विटा वाहणाऱ्या बाईला आकडी आली. सिस्टरने फोन टाकला, बाईला कुशीवर वळवलं, मावशींना पाय धरायला सांगितले, इंजेक्शन भरलं, शीर शोधली. दोन मिनिटं गेली असतील. फार तर अडीच.

मागे फरशीवर पाणी ठिबकल्याचा आवाज आला.

तो भिंतीला टेकून तसाच उभा होता. त्याच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. पापण्यांवर पांढरं साचलं होतं आणि कानामागच्या पेन्सिलीवर बर्फाची बारीक साय धरली होती.

तिने आणि मामांनी त्याला तिसऱ्या खाटेवर निजवलं, अगदी हळू, काचेचं सामान ठेवावं तसं. चोवीस पूर्णांक एक.

मामांनी सवयीने गरम पांघरुणांच्या कपाटाकडे हात नेला.

"नको," ती म्हणाली. "अजिबात ऊब द्यायची नाही."

"पण सिस्टर—"

"मामा, दोघांना दिली."

मामांचा हात खाली आला.

खोलीत चाळीस अंश होते. ती बघत असताना आकडा चढत होता. चोवीस पूर्णांक सहा. पंचवीस. सलाइन नाही, पांघरूण नाही, नुसत्या हवेने. पंचवीस पूर्णांक नऊ. तिने त्याच्या अंगावर ओले कपडे टाकले, वर्तमानपत्राने वारा घातला. सव्वीस पूर्णांक सात.

ती वळली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. बाईच्या काखांतल्या दोन आणि जांघेतल्या दोन पिशव्या तिने काढल्या. मानेजवळच्या दोन राहू दिल्या. लेक बाहेर औषध आणायला गेली होती. मामांनी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

चार पिशव्यांनी आकडा थांबला. सव्वीस पूर्णांक नऊ.

"ताई," तो म्हणाला.

"बोलू नकोस."

"काही दुखत नाहीये ग. छान आहे."

तिने त्याचा हात धरला. बोटं लाकडासारखी होती. अशी बोटं चोळायची नसतात, हे ती दुसऱ्यांना शिकवत आली होती, म्हणून नुसती धरून बसली.

"कुठे होतास तू?" तिने हळूच विचारलं.

"रांगेत. पुढे इस्त्रीवाली, तिच्या पुढे मास्तर, त्यांच्या पुढे टोपीवाला."

"ते आहेत अजून तिथे?"

"म्हणजे काय, जातील कुठे? मधे इथे येऊन गेले, तेवढंच. ते फार दुखलं म्हणतात." त्याने डोळे तिच्याकडे वळवले. "टोपीवाला तर अजून रडतो."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे पाठीच पाठी."

सत्तावीस. तिने पिशव्या नीट दाबून बसवल्या. बर्फ वितळत होता, पिशव्या हाताला मऊ लागत होत्या. किती वेळ पुरेल? अर्धा तास. मग? त्याच्या पुढचा विचार तिने केला नाही.

"तुझ्या मागे कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मी शेवटचा."

"नक्की?"

"शेवटचा आहे म्हणून तर मजा आहे, मागून कोणी ढकलत नाही." तो हसला. मग त्याचं हसू राहिलं आणि डोळे बाजूला गेले, मागून कोणी खांद्याला हात लावल्यासारखे.

"थांब," तो म्हणाला. "आली एक बाई. आत्ताच आली. एका पायात चप्पल नाही तिच्या."

सिस्टर हलली नाही.

"विचारतेय, माझा बर्फ कोणी घेतला."

दुसऱ्या खाटेवरून घरघर ऐकू येत होती. बाई अजून श्वास घेत होती. मॉनिटरवर बेचाळीस पूर्णांक तीन होते.

ती खुर्चीतून उठली. भावाच्या काखेतली पिशवी काढली. दुसरी काढली. तिसरी काढताना त्याने तिचं मनगट धरलं.

"ताई, नको ना."

"सोड रे राजा."

"भाजेल ग मला."

"सोड."

त्याने सोडलं. लहानपणापासून तिचं ऐकायची त्याला सवय होती.

चारही पिशव्या तिने बाईच्या अंगावर परत ठेवल्या. लेक दारात उभी होती, औषधाची पिशवी छातीशी धरून. तिने फक्त हेच पाहिलं होतं.

अठ्ठावीस.

एकोणतीस.

तिने पुन्हा त्याचा हात धरला. या वेळी बोटं मऊ होत होती, त्यांना रंग चढत होता. कुठल्याही दुसऱ्या दिवशी तिला आनंद झाला असता.

एकतीसला तो रडायला लागला. तिने त्याचं डोकं कुशीत घेतलं. मावशी कोपऱ्यात पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. आई गेली तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.

"थोडंच राहिलं," ती म्हणत राहिली. काय थोडं राहिलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

एकतीस पूर्णांक आठ.

बत्तीस.

तिने मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तरी आवाजावरून कळलंच.

छाती दाबायला सुरुवात तिनेच केली. मग मामा आले, मग वरचे डॉक्टर ऑपरेशन संपवून आले, मग तिला कोणीतरी दंडाला धरून बाजूला नेलं.

विटा वाहणारी बाई पावणेपाचला गेली. रक्त गोठेनासं झालं होतं, मूत्रपिंडं बंद पडली होती. वरचे डॉक्टर म्हणाले, आली तेव्हाच फार उशीर झाला होता, पंधरा-वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. बर्फ किती वेळ अंगावर नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि पंधरा-वीस मिनिटं हा आकडा त्यांनी सहज म्हणून उच्चारला होता.

जाताना लेक तिच्याकडे आली. डोळे सुजलेले होते. तिने सिस्टरचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही फार केलंत," ती म्हणाली. "स्वतःच्या माणसाचा बर्फ काढून माझ्या आईला दिलात. मी जन्मात विसरणार नाही."

सिस्टरला तिला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण ती पोरगी तेवढ्या एका गोष्टीला धरून उभी होती. सिस्टर गप्प राहिली, आणि हे गप्प राहणं आपण त्या पोरीसाठी केलं की स्वतःसाठी, ते तिला त्या दिवशी समजलं नाही आणि नंतरही कधी समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शवागारातला माणूस कॅज्युअल्टीच्या दारात येऊन उभा राहिला. तो कधी इकडे येत नसे. डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात चुरगाळत होता. तिला सगळ्यांनी घरी राहायला सांगितलं होतं; पण घरी पेन्सिली होत्या, चपला होत्या, म्हणून ती आली होती.

"सिस्टर, जरा येता का?" तो म्हणाला. "डॉक्टरांना सांगण्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावं."

तळघरात उतरल्यावर गारवा अंगाला झोंबला. यंत्र नीट घरघरत होतं. दारावरच्या काट्यावर चार अंश होते.

"यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला. "मी दोनदा तपासलं. ती विटांवरची बाई गार आहे, परवाचा अपघातवाला गार आहे. तुमचे ते चौघंच…" त्याने खालचा खण ओढला.

तिने चादर बाजूला केली. भाऊ होता. ओठ निळे नव्हते. गालांवर झोपेतल्या माणसाची लाली होती. तिने मानेच्या शिरेवर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघून पूर्ण दोन मिनिटं थांबली. काही नव्हतं. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. काही नव्हतं. खिशातलं थर्मामीटर काखेत धरलं. सदतीस.

"रात्री थंडी वाढवली मी," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "म्हटलं, यांना गरम होतंय."

भावाच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. तिने चादरीच्या टोकाने ते टिपले, अगदी हलक्या हाताने. थोड्या वेळाने थेंब पुन्हा आले.